पालकांचा स्वतःचा व्यवसाय आणि मुलांची उद्योजकतेची आवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यावसायिकाच्या घरातील मूल व्यवसायातच पडणार, असे अनेकजण गृहीत धरतात. आणि ते पडले नाही की घरात निराशा पसरते. या विषयावर गेल्या काही दशकांत बराच गंभीर अभ्यास झालेला आहे आणि त्यातून पुढे आलेले चित्र या समजुतीपेक्षा अधिक गुंतागुंतीचे, तसेच पालकांसाठी अधिक उपयोगाचे आहे. पालकांकडून आणि शिक्षकांकडून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या पालकांची मुले खरोखरच व्यवसायाकडे अधिक वळतात का?

होय. वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या पद्धतींनी केलेल्या अभ्यासांत हा संबंध इतक्या सातत्याने आढळला आहे की, तो आहे की नाही याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. मॅथ्यू लिंडक्विस्ट, जोएरी सोल आणि मिर्यम व्हान प्राग यांनी स्वीडनमधील नोंदींच्या आधारे केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार, पालक उद्योजक असतील तर मूल उद्योजक होण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढते.

हा आकडा वाचताना मात्र सावध राहायला हवे. त्याचा अर्थ अशा १०० मुलांपैकी ६० मुले व्यवसाय करतात असा नाही. समजा, इतर घरांतील १०० मुलांपैकी १० जण पुढे व्यवसायात उतरत असतील, तर व्यावसायिकांच्या घरांतील १०० पैकी १६ जण उतरतील, एवढेच त्यातून निघते. उरलेले ८४ जण अन्य वाटेने जातील. फरक मोठा आहे, पण तो कोणा एका मुलाचे भवितव्य सांगत नाही, ही गोष्ट प्रत्येक पालकाने मनाशी पक्की धरली पाहिजे.

एकट्याने काम करणारा कारागीर आणि कारखानदार यांना एकाच मापाने मोजता येते का?

काटेकोरपणे पाहिले तर नाही. तरीही बहुतेक अभ्यासांत पगारदार नसलेली, स्वतःच्या कामातून उत्पन्न मिळवणारी प्रत्येक व्यक्ती एकाच गटात धरली जाते, कारण सरकारी नोंदींतून तेवढीच माहिती सहज हाती लागते. त्यामुळे हौसेने व्यवसायात आलेला आणि नोकरी न मिळाल्याने नाइलाजाने त्यात पडलेला, असे दोघेही त्या आकड्यांत एकत्र येतात. मुलाच्या दृष्टीने मात्र या दोन घरांतले वातावरण फार वेगळे असते. पुढील उत्तरे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

हे गुण रक्तातून येतात की घरच्या वातावरणातून?

दोन्हींतून येतात, पण वातावरणाचा वाटा मोठा दिसतो. मूल सख्ख्या आईवडिलांकडेच वाढत असेल तर त्यांच्याकडून उपजत काय आले आणि सहवासातून काय आले, हे वेगळे काढता येत नाही. म्हणूनच वर उल्लेखिलेल्या स्वीडिश अभ्यासाने दत्तक मुलांकडे लक्ष वळवले. अशा मुलांना जन्म एका जोडप्याने दिलेला असतो आणि वाढवलेले दुसऱ्या जोडप्याने असते, त्यामुळे दोघांचा प्रभाव स्वतंत्रपणे मोजण्याची दुर्मीळ संधी मिळते. जन्मदात्या आणि दत्तक घेणाऱ्या, अशा दोन्ही पालकांचा प्रभाव त्यात आढळला. मात्र जन्मानंतरच्या घटकांचा वाटा जन्मापूर्वीच्या घटकांच्या दुप्पट भरला.

दुसरीकडे, निकोस निकोलाऊ, स्कॉट शेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील जुळ्यांचा अभ्यास करून २००८ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा दिसला. एकसारख्या, म्हणजे जनुके जवळपास सारखीच असलेल्या जुळ्यांमध्ये व्यवसायाकडे वळण्याबाबतचे साम्य इतर जुळ्यांपेक्षा अधिक होते. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी त्यांच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. शिवाय आनुवंशिकतेचा वाटा हा संपूर्ण लोकसमूहातील फरकांविषयी असतो. एखाद्या विशिष्ट मुलात व्यवसायाचे बीज आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. व्यवसाय करवून घेणारे असे एखादे जनुक नसते. जोखमीची भीती कमी वाटणे, नव्या गोष्टींकडे ओढ असणे, लोकांमध्ये सहज मिसळणे असे कल काही प्रमाणात उपजत असू शकतात, आणि त्यांचे पुढे काय होते हे बऱ्याच अंशी घरावर अवलंबून असते.

मग खरे कारण पैसा नाही का? व्यावसायिक पालक मुलांना भांडवल देतात, चालू धंदा देतात.

हा प्रश्न रास्त आहे. पैसा असलेल्या घरातील मुलाला सुरुवात करणे सोपे जाते, हे नाकारता येणार नाही. पण पालकांच्या प्रभावाचा मुख्य मार्ग तो नाही, असे पुरावे सांगतात. थॉमस डन आणि डग्लस होल्ट्झ-ईकिन यांनी अमेरिकेतील तरुणांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. तरुणांच्या स्वतःच्या मालमत्तेचा व्यवसायात उतरण्यावर होणारा परिणाम त्यात माफकच दिसला. पालकांचा परिणाम मोठा होता. पण त्यातला सर्वांत प्रबळ भाग त्यांच्या पैशातून न येता त्यांच्या व्यवसायाच्या अनुभवातून आलेला होता.

चालू धंदा वारशाने मिळण्याविषयीचा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. रॉबर्ट फेअरली आणि अ‍ॅलिशिया रॉब यांनी अमेरिकेतील छोट्या व्यवसायांची पाहणी तपासली. त्यांच्या २००७ मधील निष्कर्षांनुसार, निम्म्याहून अधिक व्यवसायमालकांच्या कुटुंबात आधीपासून कोणीतरी स्वतःचा व्यवसाय करणारे होते. पण प्रत्यक्ष वारशाने मिळालेल्या व्यवसायांचे प्रमाण केवळ १.६ टक्के होते. म्हणजे बहुसंख्यांनी घरात व्यवसाय पाहिला, तरी स्वतःचा व्यवसाय त्यांनी मुळापासून उभा केला किंवा अन्य मार्गाने मिळवला.

घरात राहून मूल नेमके काय शिकते?

या विषयाचा गाभा येथे आहे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सामाजिक अध्ययनाच्या सिद्धांतानुसार, माणूस केवळ स्वतः करून आणि त्याचे फळ भोगून शिकत नाही. दुसऱ्याला करताना पाहूनही शिकतो. दुसऱ्याला जमले, ते मलाही जमेल, हा विश्वास अशा पाहण्यातून तयार होतो, आणि पाहणाऱ्याला तो माणूस आपल्यासारखा वाटला तर तो विश्वास अधिक दृढ होतो. आईवडिलांइतके जवळचे आणि इतकी वर्षे डोळ्यांसमोर असलेले दुसरे कोणतेही उदाहरण मुलाला मिळत नाही.

एक साधा प्रसंग पाहू. संध्याकाळची वेळ आहे. मूल टेबलावर गृहपाठ करत आहे आणि शेजारी बसलेली आई एका गिऱ्हाइकाला फोन लावते. माल देऊन दीड महिना झाला आहे, बिल अजून थकलेले आहे. आई प्रथम माल कसा निघाला ते विचारते, मग थकबाकीचा विषय काढते. समोरचा अडचण सांगतो. ती ऐकून घेते, आवाज चढवत नाही, पण विषयही सोडत नाही. निम्मी रक्कम या आठवड्यात आणि उरलेली महिनाअखेरीला, असे ठरते. फोन ठेवून ती वहीत तारीख लिहिते आणि पुढच्या ऑर्डरला बयाणा घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, असे स्वतःशीच म्हणते. मुलाला कोणी काही शिकवलेले नाही. तरी विक्री झाली म्हणजे पैसे आले असे नसते, मागायला लाजायचे नसते, मागताना संबंध तोडायचेही नसतात, आणि एकदा आलेल्या अनुभवावरून पुढचा नियम बदलायचा असतो, इतके सारे त्या दहा मिनिटांत त्याच्यापर्यंत पोहोचलेले असते.

हाच फोन आईने आदळून ठेवला असता आणि रात्रभर घर धास्तावलेले राहिले असते, तर मुलाने वेगळे काही शिकले असते. व्यवसाय असलेल्या दोन घरांतली मुले इतकी वेगळी का निघतात, याचे एक मोठे कारण मला येथे दिसते. मूल पाहते ते व्यवसायासह जगणाऱ्या माणसाला. तो माणूस अडचणीत कसा वागतो, कामाविषयी कौतुकाने बोलतो की सतत कुरकुरतो, हाताखाली काम करणाऱ्या माणसांना मान देतो का, संध्याकाळी घरी आल्यावर त्याच्यात काही उरलेले असते का, हे सगळे त्या पाहण्यात येते. व्यवसायाच्या उलाढालीचा आकडा मुलाला क्वचितच ठाऊक असतो. घरातला सूर मात्र त्याला नेमका ठाऊक असतो.

आवड निर्माण होणे आणि व्यवसाय यशस्वी करणे, या एकच गोष्टी आहेत का?

नाहीत, आणि पालकांचा सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. आइसेक आझेन यांनी १९९१ मध्ये सविस्तर मांडलेल्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतानुसार, एखादी गोष्ट करण्याचा इरादा तीन गोष्टींतून घडतो : ती करणे आपल्याला कितपत चांगले वाटते, जवळच्या माणसांची काय अपेक्षा आहे, आणि ती आपल्याला जमेल असे कितपत वाटते. व्यावसायिक पालक या तिन्हींना स्पर्श करतात. पण इरादा झाला म्हणजे व्यवसाय सुरू होतोच असे नाही, आणि सुरू झाला म्हणजे तो टिकतोच असेही नाही.

फेअरली आणि रॉब यांच्या अभ्यासातील सर्वांत बोलका निष्कर्ष याच संदर्भातला आहे. कुटुंबात कोणीतरी व्यावसायिक असणे, या एवढ्याच गोष्टीचा व्यवसायाच्या यशाशी संबंध अगदी किरकोळ आढळला. याउलट कुटुंबातील कोणाच्या व्यवसायात आधी प्रत्यक्ष काम केलेले असणे हे यशाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरले. आणि गंमत म्हणजे, ज्यांच्या घरी व्यवसाय होता, त्यांच्यापैकी निम्म्यांहून कमी मालकांनी त्यात काम केलेले होते. पाहून आवड लागते. कसब मात्र हात घातल्यानेच येते. ज्या पालकांना मुलाने व्यवसाय करावा असे मनापासून वाटते, पण जे त्याला कामाच्या ठिकाणी फिरकूही देत नाहीत, त्यांनी याचा शांतपणे विचार करावा.

मग मुलांना कामात कधी आणि कसे घ्यावे?

प्रथम मर्यादा. मुलाच्या शाळेवर, झोपेवर, खेळावर किंवा आरोग्यावर गदा आणणारे काम हे शिक्षण नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे ३२ वे कलम मुलांना आर्थिक शोषणापासून आणि शिक्षणात अडथळा आणणाऱ्या कामापासून संरक्षण देते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या १३८ व्या करारात कामाचे किमान वय सर्वसाधारणपणे १५ वर्षे आणि हलक्या कामासाठी १३ वर्षे ठरवले आहे. काही देशांना त्यात थोडी सूट आहे. घरचे काम आहे म्हणून या तत्त्वांना बगल देणे योग्य नाही. बिनपगारी हक्काचा मजूर म्हणून राबवलेले मूल व्यवसायाचा तिरस्कार करायलाच शिकते.

या मर्यादेत राहूनही पुष्कळ करता येते. लहान वयात फक्त सोबत असणे पुरेसे असते. पौगंडावस्थेत मात्र मोजण्याचे, निर्णयाचे काम द्यावे. उदाहरणार्थ, एखाद्या कामाचे दरपत्रक सोळा वर्षांच्या मुलाला स्वतः काढायला सांगावे. तो मालाची किंमत धरेल, वाहतूक धरेल, मदतनिसाची मजुरी धरेल. बहुतेक वेळा तो आईच्या किंवा वडिलांच्या स्वतःच्या वेळेचे मोल धरायला विसरेल, आणि नासधुशीसाठी काही राखून ठेवणेही विसरेल. त्या वेळी चूक पटकन दुरुस्त करून देऊ नये. “या दरात मी किती तास काम केले आणि मला तासाला किती मिळाले, ते काढून दाखव,” एवढेच सांगावे. नफा आणि गल्ल्यात आलेली रक्कम यांत काय अंतर असते, हे त्याला आयुष्यभर पुरेल असे समजेल. केलेल्या कामाचा मोबदलाही द्यावा, आणि तो आधी ठरवून द्यावा.

आई आणि वडील यांचा प्रभाव सारखाच असतो का?

साधारणतः वडिलांच्या व्यवसायाचा मुलग्यांवर आणि आईच्या व्यवसायाचा मुलींवर अधिक परिणाम आढळतो. डन आणि होल्ट्झ-ईकिन यांना हे अमेरिकेत दिसले. डेन्मार्कमधील नोंदींवर आधारित अभ्यासांतही तसेच चित्र आहे. ‘आपल्यासारखा माणूस’ हे उदाहरण अधिक भिडते, या बांडुरा यांच्या विचाराशी ते जुळते. आणि प्रभाव केवळ पैशाचा असता तर असा फरक पडण्याचे कारण नव्हते, कारण घरचा पैसा मुलगा आणि मुलगी दोघांच्याही घरात असतो.

यातून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. असंख्य कौटुंबिक व्यवसायांत हिशेब, खरेदी, माणसे सांभाळणे ही कामे आई करते, पण व्यवसाय वडिलांच्या नावावर असतो आणि घरातही तो ‘बाबांचा व्यवसाय’ म्हणूनच ओळखला जातो. अशा घरातील मुलीसमोर एक समर्थ व्यावसायिक स्त्री रोज वावरत असते, तरी तिला ती तशी दिसू दिली जात नाही. आईचे काम नावानिशी, मोबदल्यानिशी आणि निर्णयाच्या अधिकारानिशी समोर आणणे, हा मुलीच्या महत्त्वाकांक्षेला बळ देण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

आजी-आजोबांचा व्यवसाय असेल तर?

त्याचाही परिणाम होऊ शकतो. अनेक देशांतील विद्यार्थ्यांच्या माहितीवर आधारित, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आईवडिलांबरोबर आजी-आजोबांच्या व्यवसायाचाही नातवंडांच्या इराद्याशी संबंध आढळला.

पालकांचा व्यवसाय बुडाला, तर मुले कायमची दुरावतात का?

असे सरसकट म्हणता येत नाही. अपयश पाहिलेल्या मुलाला व्यवसायाचे आकर्षण कमी वाटणे स्वाभाविक आहे. कर्जाचे तगादे, मोडलेली भागीदारी, विकावे लागलेले घर यांचे व्रण खरे असतात. पण मूल त्या घटनेचा कोणता अर्थ लावते, याला मोठे महत्त्व आहे आणि तो अर्थ बहुधा पालकच पुरवतात. “आपल्याला धंदा धार्जिणा नाही,” हे वाक्य दार बंद करते. “एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबून राहिलो आणि त्याने पैसे थकवले,” हे वाक्य त्याच तोट्यातून धडा देते. अर्थात, हे सांगायला पालकाला स्वतःला त्या दुःखातून थोडे बाहेर यावे लागते आणि त्याला वेळ लागतो. घाई करू नये.

पालक फार यशस्वी असतील, तर मुलांना ते प्रेरणादायी ठरते ना?

नेहमीच नाही. जुझेप्पे क्रियाको आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. पालक व्यवसायात उत्तम यश मिळवत आहेत असे वाटणाऱ्या मुलांना व्यवसाय हवासा आणि शक्यही वाटतो. मात्र हेच यश त्या भावनेचे प्रत्यक्ष इराद्यात रूपांतर होण्याला आडकाठीही करते. तुलनेचे ओझे हे त्याचे एक कारण मानले जाते : इतके आपल्याकडून होणार नाही, आणि कमी झाले तर लोक हसतील. यशस्वी पालकांनी मुलांना आपल्या सुरुवातीच्या, चाचपडत्या वर्षांची हकीकत मोकळेपणाने सांगावी. तयार इमारत पाहून कोणालाही पाया कसा घातला ते कळत नाही.

पैशाची ओढाताण मुलांसमोर बोलावी का?

बोलावी, पण वयाला झेपेल इतकीच आणि उपायासह. चणचण लपून राहत नाही. न सांगितलेली चिंता मूल अधिक भयंकर करून घेते. दहा वर्षांच्या मुलाला “या महिन्यात पैसे उशिरा येणार आहेत, म्हणून मोठी खरेदी पुढच्या महिन्यात करू,” एवढे पुरते. कर्जाचे हप्ते आणि खेळते भांडवल ही चर्चा मोठ्या मुलांशी करावी. मात्र मुलाला आपला एकमेव आधार बनवून सगळी भीती त्याच्यापुढे ओतणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

आमचे मूल म्हणते, मला नोकरीच करायची आहे. आमचे काही चुकले का?

बहुधा नाही. थॉमस झेलवेगर, फिलिप सिगर आणि फ्रँक हाल्टर यांनी कौटुंबिक व्यवसायाची पार्श्वभूमी असलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. या विद्यार्थ्यांना आपल्या क्षमतेविषयी विश्वास वाटत होता, पण व्यवसायात सूत्रे आपल्या हातात राहतील याविषयी ते साशंक होते. बाहेरच्यांना व्यवसाय म्हणजे स्वातंत्र्य वाटते. या मुलांनी मात्र गिऱ्हाइकाच्या, बाजाराच्या आणि नातलगांच्या मर्जीवर हेलकावे खाणारे घर पाहिलेले असते. त्यांचा नकार म्हणजे भित्रेपणा असे समजू नये. बऱ्याचदा ते माहितीवर आधारलेले मत असते, आणि त्याचा मान राखणे हे पालकांचे काम आहे.

त्यातही आणखी एक भेद करावा लागतो. स्वतःचे काही सुरू करण्याची आवड आणि घरचा व्यवसाय पुढे चालवण्याची तयारी या वेगळ्या गोष्टी आहेत. एखादीला पहिली असते, दुसरी नसते. वारस म्हणून केवळ नात्याने खुर्चीवर बसवणे व्यवसायालाही महागात पडू शकते. मोर्टेन बेनेडसेन आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासात, डेन्मार्कमधील ज्या कंपन्यांची सूत्रे कुटुंबातील व्यक्तीकडे गेली, त्यांची मालमत्तेवरील नफाक्षमता (मालमत्तेच्या तुलनेत होणाऱ्या नफ्याची टक्केवारी) या बदलाच्या काळात किमान ४ टक्के बिंदूंनी घसरल्याचे आढळले. मुलाला नको असेल, तर सक्षम व्यवस्थापक नेमणे किंवा व्यवसाय योग्य वेळी विकणे हे पर्याय सन्माननीय आहेत.

आम्ही दोघेही नोकरदार आहोत. आमच्या मुलीला व्यवसायाची आवड आहे, तिचे काय?

तिची वाट बंद नाही. जे घरात दिसत नाही ते बाहेर दाखवावे लागेल, एवढाच फरक आहे. रमणा नंदा आणि येस्पर सोरेनसेन यांनी २०१० मध्ये डेन्मार्कमधील कर्मचाऱ्यांविषयी केलेल्या अभ्यासात, ज्यांचे सहकारी पूर्वी व्यवसायात होते ते स्वतः व्यवसायाकडे वळण्याची शक्यता अधिक दिसली. आणि हा परिणाम, ज्यांना इतरत्र उद्योजकतेचा सहवास कमी मिळाला होता त्यांच्यावर सर्वाधिक होता. म्हणून ओळखीतील एखाद्या व्यावसायिक स्त्रीकडे सुट्टीत काही आठवडे काम करण्याची संधी तिला मिळवून द्या. त्या स्त्रीला एवढेच आधी सांगा की, मुलीला केवळ कागद लावायला बसवू नका; गिऱ्हाइकाशी बोलणी होतात आणि महिन्याचा हिशेब मांडला जातो, तेव्हा तिला शेजारी बसू द्या.